‘काकू, तुमचा दिवस कसा जायचा?’ : आईच्या ऑक्युपेशनल थेरपीचे दोन अनुभव

गेल्या वर्षी श्रावणात आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पंचवटीत आमचं घर तळमजल्यावर आहे आणि पुढच्याच खोलीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान. ती मोरीच्या उंबऱ्यात पडली तेव्हा मी दहा पावलांवर मशीनवर बसले होते. अकरा दिवसांनी दवाखान्यातून सुटका झाली. तेव्हापासूनच्या चौदा महिन्यांत आम्ही ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून दिला जाणारा उपचार, दोन ठिकाणी घेतली. आधी तीन महिने एका सेंटरला रिक्षाने जाऊन आणि चैत्रापासून घरी येणाऱ्या एका थेरपिस्टकडून. नावं लिहीत नाही. घरात असं दुखणं आलेल्यांना निवड करताना उपयोग व्हावा म्हणून अनुभव सविस्तर लिहिते.

आधी सेंटरबद्दल. पहिल्या दिवशी तिथल्या मॅडमनी आईचा हात हातात घेऊन विचारलं, "कुठपर्यंत उचलता येतो?" गोनिओमीटर लावून खांद्याचा, कोपराचा, मनगटाचा कोन मोजला, कागदावर अंश लिहिले. मग रोज पाऊण तास ठरलेलं काम: हात ताणून देणं, प्लॅस्टिकचे शंकू एकावर एक ठेवणं, भोकांच्या पाटीत खुंट्या बसवणं, रंगीत पुटी मळणं. एका वेळचे पाचशे रुपये.

या पद्धतीला बायोमेकॅनिकल म्हणतात हे मला नंतर कळलं. सांधा किती फिरतो, स्नायूत ताकद किती, दम किती टिकतो, हे सुधारलं की माणूस आपापली कामं करू लागेल, असा त्यामागचा विचार. आमच्या बाबतीत त्याचा फायदा झाला, तो मी नाकारणार नाही. आईचा खांदा सांध्यातून खाली ओघळला होता. लोंबकळणारा हात कसा आधाराने ठेवायचा, कुशीवर वळवताना तो ओढायचा का नाही, उशी कुठे द्यायची, हे सगळं मला त्या मॅडमनी शिकवलं. पहिल्या दोन महिन्यांत दुसरं काही विचारायची आईची स्थितीच नव्हती. खांदा वाचला तो त्यांच्यामुळे.

पण तिसऱ्या महिन्यात आई जायला तयार होईना. रिक्षा दारात आली की पोटात दुखायचं. तिथे कागदावर प्रगती दिसत होती, खांदा साठ अंशांवरून पंच्याऐंशीवर आला होता, आणि घरी ती दिवसभर गाऊन घालून भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मी मॅडमना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ताई, मोटिव्हेशन कमी आहे त्यांचं. तुम्ही समजवा." आईला समजवायला मी कमी केलं नव्हतं. तिला त्या खुंट्यांचं करायचं काय, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही ते सांगता येत नव्हतं.

मध्ये काही महिने सगळंच थांबलं. मग वहिनीच्या ओळखीतून दुसरी थेरपिस्ट मिळाली. मुंबईत शिकलेली, तिशीच्या आतबाहेरची. तिने आल्या आल्या हाताला हात लावला नाही. खुर्ची ओढून आईच्या उजव्या बाजूला बसली आणि म्हणाली, "काकू, झटका यायच्या आधी तुमचा दिवस कसा जायचा? उठल्यापासून सांगा." आई पाऊण तास बोलली. दवाखान्यातून आल्यापासून इतकं बोललेली मी ऐकली नव्हती. पहाटे अंगणात सडा, तुळशीला पाणी, चहा, वाती वळणं, दुपारी भजनी मंडळ, श्रावणी सोमवारी गंगेवर. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.)

दुसऱ्या भेटीला तिने मुद्दाम जेवायची वेळ धरली आणि नुसती बघत बसली. आईने भात, वरण, भाजी संपवली. ताटाची डावी बाजू तशीच. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, काही हललेलं नाही. मी इतके महिने समजत होते की तिची चव गेली. थेरपिस्टने ताट अर्ध फिरवलं तशी आई म्हणाली, "अगंबाई, कोशिंबीर पण केली होती होय?" मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की कधी कधी डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. डोळे चांगले असतात, पण ती बाजू जणू नसतेच. तीन महिन्यांच्या कोन-मोजणीत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिने मला ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावायला सांगितली. दुकानातली साटिनची लाल रिबन मी चिकटवली. "आधी लाल रंग शोधायचा काकू, मग पहिला घास." दाराच्या डाव्या चौकटीलाही तसलीच पट्टी लावली. आईचा डावा खांदा त्या चौकटीला रोज आपटायचा.

मला कुतूहल वाटलं म्हणून मी तिला विचारत गेले आणि तिने न कंटाळता सांगितलं. या विद्येत कामाच्या वेगवेगळ्या चौकटी आहेत, त्यांना मॉडेल म्हणतात. अमेरिकेतल्या गॅरी किलहॉफनर यांनी १९८० मध्ये मांडलेलं मॉडेल ऑफ ह्यूमन ऑक्युपेशन माणसाची इच्छा, त्याच्या सवयी आणि भूमिका, त्याची क्षमता आणि भोवतालची परिस्थिती हे सगळं एकत्र धरतं. त्यातला एक कागद तिने आईपुढे ठेवला. त्यावर दहा भूमिका होत्या: विद्यार्थी, कामकरी, घर सांभाळणारी, मैत्रीण, धार्मिक कार्यात भाग घेणारी वगैरे. प्रत्येकीपुढे पूर्वी, आत्ता आणि पुढे असे तीन रकाने. आईने पूर्वीच्या रकान्यात सात खुणा केल्या. आत्ताच्या रकान्यात तिने पेन टेकवला, उचलला, आणि कागद परत दिला. मोटिव्हेशन कमी आहे म्हणजे काय, ते मला त्या रिकाम्या रकान्यात दिसलं.

मग कॅनडातल्या पद्धतीचा कागद. त्याला कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर, थोडक्यात सीओपीएम म्हणतात. माणसाने स्वतःच अडणारी जास्तीत जास्त पाच कामं निवडायची. काम किती महत्त्वाचं, आत्ता कितपत जमतं आणि त्यावर आपण किती समाधानी, असे एक ते दहा गुण द्यायचे. काही आठवड्यांनी पुन्हा द्यायचे. दोन किंवा त्याहून जास्त गुणांचा फरक पडला तर तो खरा मानतात. आईची पाच कामं: साडी नेसणं, एकटीने संडासला जाणं, चहा करणं, वाती वळणं, गंगेवर जाणं.

इथे माझी एक तक्रार आहे. गुण देणं आईला फार जड गेलं. पहिल्यांदा तिने सगळ्याला पाचच दिले, मग ते पुन्हा द्यायला लागले. आणि काय हवंय असं विचारल्यावर तिचं पहिलं उत्तर होतं, "सुनेला माझं करावं लागू नये." स्वतःसाठी काही मागायची तिला सवय नाही. माणूस एकटा मध्यभागी आणि बाकीचं जग भोवती, असं चित्र धरून केलेला कागद तिच्या पिढीच्या बाईला अंगाबाहेर होतो. थेरपिस्टने हे मान्य केलं. ती म्हणाली, जपानी थेरपिस्टांनाही हेच अडलं होतं, आणि मायकेल इवामा यांनी त्यांच्याबरोबर काम करून कावा मॉडेल तयार केलं. त्यावरचं पुस्तक २००६ चं. कावा म्हणजे नदी.

हा भाग मला सगळ्यात जवळचा. आयुष्य म्हणजे वाहतं पाणी. काठ आणि तळ म्हणजे घर, माणसं, भोवताल. खडक म्हणजे अडचणी. वाहत येणारे ओंडके म्हणजे स्वभाव, पैसा, कौशल्यं, जे कधी अडवतात आणि कधी खडकाला ढकलून वाट करून देतात. आणि या सगळ्यांच्या मध्ये राहिलेल्या फटी, जिथून पाणी अजून जातं. थेरपी त्या फटी शोधून रुंद करते. आईला ती म्हणाली, "काकू, नदी काढा." आई म्हणाली, "गंगाच काढते." नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी चढलं यावरून पूर ओळखणाऱ्या गावात नदी समजावून सांगावी लागत नाही. आईने उजव्या हाताने दोन रेघा ओढल्या आणि म्हणाली, "उन्हाळ्यातली आहे ही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं नाही तेव्हाची." खडक तिने तीन काढले: हात, मोरीचा उंबरा, आणि पुन्हा पडायची भीती. ओंडक्याला नाव दिलं हट्ट. फट कुठे आहे विचारल्यावर बराच वेळ गप्प बसून म्हणाली, "आवाज गेला नाही माझा." त्या आठवड्यापासून भजनी मंडळ दर गुरुवारी आमच्याकडे जमतं. आता डावा हात टाळ वाजवण्याइतका वळत नाही, पण मांडीवर टाळ ठेवून उजव्याने ताल धरते.

उंबरा हा खडक आठ दिवसांत गेला. गवंडी बोलावून मोरीला उतार करून घेतला, संडासात उजव्या हाताला स्टीलचा दांडा बसवला. मेरी लॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या पीईओ मॉडेलमध्ये माणूस, भोवताल आणि काम ही तीन वर्तुळं एकमेकांवर जितकी जास्त येतील तितकं काम सोपं. हे कळलं तेव्हा मीही हात लावला. आईच्या ब्लाउजचे हुक काढून वेल्क्रो लावले, परकराची नाडी काढून इलॅस्टिक घातलं. माझ्या कामाचा आईच्या उपचाराशी संबंध आहे हे मला पंचवीस वर्षं शिवणकाम करून पहिल्यांदा कळलं.

साडीचं तर शिकण्यासारखं होतं. थेरपिस्टने क्रम उलटा लावला. पहिले दहा दिवस नेसवायचं मी, आणि निऱ्या खोचायच्या फक्त आईने. म्हणजे शेवट रोज तिच्या हातून व्हायचा. मग निऱ्या घालणं, कपड्याचा चिमटा लावून. डावा हात मुठीत कापड नुसतं धरून ठेवतो, घड्या उजवा घालतो. दहा आठवड्यांनी साडीचे गुण एकवरून पाचवर, समाधान एकवरून सातवर. एकटीने संडासला जाणं तीनवरून आठ. चहा एकवरून सहा, वाती दोनवरून सहा. गंगेवर जाणं होतं तिथेच, एकावर.

दादाचं मत वेगळं आहे आणि तेही सांगायला हवं. त्याच्या मते घरच्या थेरपीत बोलणं फार, व्यायाम कमी. डाव्या मुठीची ताकद सेंटरमध्ये जेवढी वाढली तेवढी नंतर वाढली नाही, हे खरं आहे. पावसाळ्यात तीन भेटी ऐनवेळी रद्द झाल्या. घरी करायच्या व्यायामाचा कागद आधी इंग्रजीत दिला, मागितल्यावर मराठीत हाताने लिहून दिला. एका भेटीचे सातशे रुपये लागतात. सेंटर आठवड्यातून पाच दिवस होतं आणि ही दोनच दिवस यायची, म्हणून आठवड्याचा खर्च कमीच झाला.

कोणी मला विचारलं तर मी सांगेन, झटक्यानंतरचे पहिले काही आठवडे कोन मोजणाऱ्या, खांदा सांभाळणाऱ्या हातांकडे जा. तेव्हा नदी काढायला सांगणारं कोणी आलं असतं तर मीच दार लावून घेतलं असतं. पण तेवढ्यावर थांबू नका. घरी येऊन एक जेवण, एक आंघोळ, एक कपडे बदलणं डोळ्यांनी बघणारी थेरपिस्ट शोधा. महाराष्ट्राच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी आहे का, हे आधी विचारा. आपल्याकडे ही विद्या नवी नाही. कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तिची शाळा सुरू केली, तरी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आम्हाला फक्त फिजिओ लिहून दिलं होतं. फिजिओही लागतेच. पण ऑक्युपेशनल थेरपीची चिठ्ठी मीच दवाखान्यातल्या एका नर्सचं ऐकून मागून घेतली.

आता थेरपिस्ट पंधरा दिवसांतून एकदा येते. पाचवं काम राहिलंय. त्रिपुरी पौर्णिमेला गंगेवर दिवा सोडायचा असं आईने ठरवलंय. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत, धरायला कठडा नाही आणि उतरताना पाणी तिच्या डाव्या हाताला येतं. येत्या रविवारी गर्दी व्हायच्या आत, सकाळी सहाला, थेरपिस्ट आमच्याबरोबर घाटावर येणार आहे पायऱ्या मोजायला. आईने जांभळी इरकल काढून ठेवायला सांगितलीय.