मोजपट्टी लावून घेतलेली गाडी : सात महिने, 5,200 किलोमीटर

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की मायलेज आणि पत्र्याच्या जाडीवरून भांडणं सुरू होतात आणि मला सांगायचंय ते बाजूला राहतं. चार मीटरच्या आतली, उंच छपराची, पेट्रोलवरची, एएमटी गिअरची (म्हणजे क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणारी) हॅचबॅक, एवढं पुरे. गेल्या दसऱ्याला घेतली. पुढच्या डाव्या सीटवर बहुतेक वेळा अण्णा, म्हणजे माझे वडील, असतात आणि खरं सांगायचं तर गाडी त्या एका सीटसाठीच घेतलीय.

अण्णा गाडीवेडे. आमच्याकडं प्रीमियर पद्मिनी होती. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, खिडकीला वारा घ्यायची तिकोनी काच. आंबोलीचा घाट ती आम्हा सहा जणांना घेऊन कितीदा चढली याची गणतीच नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेलं तेव्हा ती अंगणातच उभी होती. आम्ही देव, सिलिंडर, कागदपत्रं वर नेली, गाडी राहिली. पाणी उतरल्यावर तिच्या डिकीतून गाळ काढला तो पाट्यांनी मोजला. शेवटी भंगारात गेली. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, त्या बातमीचं कात्रण अण्णांच्या पाकिटात अजून आहे.

पुराचा आणखी एक परिणाम झाला. घरातलं झोपणं-बसणं सगळं वरच्या मजल्यावर गेलं. 2021 ला पुन्हा पाणी आलं तेव्हा आम्ही स्वतःला शहाणे म्हणवून घेतलं. मार्च 2025 मध्ये अण्णांना पक्षाघात झाला, डावी बाजू गेली आणि तो शहाणपणा अंगावर आला. पहाटे त्यांचा हात बधिर झाला होता. 'अंगाखाली आला असेल' म्हणून ते परत झोपले. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे आम्हाला दवाखान्यात कळलं. तोवर वेळ गेली होती. त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून खाली आणलं. तोंड वाकडं झालेलं, बोलणं कळत नव्हतं, आणि उजव्या हातानं ते कठडा सोडत नव्हते.

मग तळमजला पुन्हा राहण्याजोगा करायचा ठरला. इथं एक गंमत झाली. पुरानंतर आम्ही खालच्या खोल्यांतली सगळी बटणं साडेपाच फुटांवर नेली होती. खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात तिथं कसा पोचणार? वायरमन म्हणाला, 'साहेब, एकदा ठरवा, पूर की पेशंट.' शेवटी बोर्ड वरच ठेवले आणि पलंगाशी बिनवायरची बेल आणि रिमोटचा दिवा-पंखा आला.

बाथरूमनं मात्र रडवलं. पाणी बाहेर येऊ नये म्हणून केलेला अडीच इंचाचा उंबरा काढला, तर पहिल्याच दिवशी पाणी पलंगाखाली. फरशी पुन्हा उखडून उतार आतल्या भिंतीकडं दिला, दाराशी आडवी लांब जाळी टाकली. दार चोवीस इंचाचं होतं, ते तीस केलं आणि बाहेर उघडणारं केलं, कारण आत माणूस पडला तर आत उघडणारं दार उघडतच नाही. धरायचा दांडा मिस्त्रींनी डाव्या भिंतीला ठोकला. का, तर म्हणे पेशंटची बाजू डावी ना! अहो, डाव्या हातात ताकद असती तर दांडा कशाला लागला असता? त्यात तो साध्या प्लॅस्टिकच्या गुल्ल्यांवर चार इंची भिंतीत बसवलेला. मी अंग टाकून बघितलं आणि दांडा प्लास्टरसकट हातात आला. आता उजवीकडं वर दुमडणारा दांडा आहे, पक्क्या बोल्टवर. खर्च सगळा मिळून एक लाख अडतीस हजार, त्यातला निदान पाचवा हिस्सा दोनदा केलेल्या कामाचा.

या खटाटोपात एक आकडा डोक्यात बसला, एकोणीस इंच. अण्णा कुणाच्या आधाराशिवाय उठू शकतात ती खुर्ची एकोणीस इंचांची. कमोड तेवढाच उंच करून घेतला, पलंगाचे पाय कापून तेवढेच केले. आणि मग लक्षात आलं की आमच्या सेडानची सीट रस्त्यापासून अठराही भरत नाही. त्यातून त्यांना ओढून काढताना दोनदा माझी कंबर धरली.

म्हणून शोरूममध्ये मी मोजपट्टी घेऊन गेलो. सेल्समन सनरूफ दाखवत होता, मी गुडघ्यावर बसून सीटची उंची मोजत होतो. ज्या एसयूव्हीवर माझा जीव होता तिची सीट एकोणतीस इंच निघाली, त्यावर अण्णांना चढवायला स्टूल लागलं असतं. या गाडीची तेवीस. दार जवळजवळ काटकोनात उघडतं, छप्पर उंच असल्यानं डोकं वाकवावं लागत नाही. तिथंच निर्णय झाला. इंजिन कितीचं ते मी नंतर विचारलं.

बुकिंगला उशीर केला तो पैशासाठी. लहान पेट्रोल गाड्यांवरचा 28 टक्के जीएसटी आणि वरचा 1 टक्का सेस जाऊन 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अस्थिव्यंग असेल तर अवजड उद्योग मंत्रालयाच्या दाखल्यावर आधीही 18 च लागत होते, आणि मी त्या कागदांच्या मागं दोन महिने फिरत होतो. ते कागद आता कपाटात आहेत.

आता वापराचं. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला मिरज. बसायची पद्धत फिजिओ मॅडमनी शिकवली : सीटकडं पाठ करायची, आधी बूड टेकवायचं, मग वळायचं. अण्णांचा उजवा हात उघड्या दारावर असतो, काच पूर्ण खाली. इथं गाडीचा एक दोष. दाराचा खटका मऊ आहे, उतारावर दार आपलं आपण मिटत येतं. त्यामुळं मी गुडघा लावून उभा असतो. उजवा पाय आत जातो, डावा मी उचलून ठेवतो. वळायला सोपं जावं म्हणून सीटवर दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी अंथरतो आणि बसून झालं की ओढून घेतो. हजारो रुपयांच्या फिरत्या गाद्या मिळतात म्हणे. आमची पिशवी वाण्याकडची.

डीलरनं गळ्यात मारलेले रेक्झिनचे कव्हर घेऊ नका. ब्रेक मारला की अण्णा खाली घसरायचे आणि डावीकडं दाराला टेकायचे, सावरायला त्या बाजूला ताकद नाही. आता वर जाड टॉवेल बांधलाय. पट्ट्याचं कुलूप उजव्या हाताला येतं ते बरं, पण पट्टा डाव्या खांद्यामागून ओढावा लागतो. आईनं त्याला परकराच्या नाडीचा तुकडा बांधून दिला. नाडी ओढली की पट्टा येतो. गाडीतली ही सगळ्यात उपयोगी ॲक्सेसरी.

एएमटीबद्दल स्पष्ट सांगतो. विश्रामबागच्या गर्दीत डाव्या पायाला सुट्टी मिळते, पण पहिल्यावरून दुसऱ्याला जाताना धक्का बसतो आणि शेजारी तोल न सावरणारा माणूस असेल तर तो धक्का जाणवतोच. गिअर बदलायच्या क्षणी पेडल किंचित सोडायचं, हे मला अण्णांनी शिकवलं. सुरुवातीला बोलता येत नव्हतं तेव्हा ते गुडघ्यावर बोट आपटायचे. बोट आपटलं की पाय सैल. आता तोंडानं म्हणतात, 'सोड.' धक्का बसला तर म्हणतात, 'क्लच घाण केलास', जो क्लच माझ्या पायाखाली नाहीच.

टाकी फुल ते टाकी फुल हिशोबानं गावात चौदा-पंधरा, कोल्हापूरला गेलो तेव्हा वीस. सस्पेन्शन गावातल्या खड्ड्यांना ठीक, मागं बसलेल्या आईला मात्र प्रत्येक स्पीडब्रेकर कळतो. डिकी लहान आहे. दुमडलेली व्हीलचेअर मागची अर्धी सीट पाडल्याशिवाय मावत नाही आणि डिकीचा काठ उंच, म्हणजे सतरा-अठरा किलोचं धूड कमरेवर उचलून आत ढकलायचं. आईला ते जमणं शक्य नाही. जानेवारीपासून अण्णा चार पायांच्या काठीवर आले म्हणून हा प्रश्न मिटला, गाडीनं काही मिटवला नाही.

दुसरं सर्व्हिसिंग 'मोफत' होतं. बिल साडेतीन हजारांचं. आत कसलंसं कोटिंग घातलेलं, मी न सांगता. भांडून काढायला लावलं. गाडी देताना कामांचं कार्ड सही करायला देतात, ते वाचा एवढंच.

फिजिओ मॅडम डाव्या हाताला व्यायाम देतात : मूठ पुढं, मागं, वर, खाली. अण्णांना त्याचा कंटाळा. मार्चमध्ये एकदा सिग्नलला थांबलो होतो तर बघतो, ते डावा हात उजव्या हातानं उचलून हवेतच दांड्याचा गिअर टाकत होते. पद्मिनीचा गिअर डाव्या हातानंच पडायचा. मी मॅडमना सांगितलं. आता व्यायामाचं नाव 'गिअर' आहे आणि तो दिवसातून चार वेळा न सांगता होतो. तिसरा अजून पडत नाही, मनगट वळत नाही म्हणतात.

परवा खालच्या खोलीत बसून आम्ही पावसाळ्याची तयारी बोलत होतो. पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट. तिथवर पाणी आलं की अण्णांना मिरजेला मावशीकडं हलवायचं, असं आई आणि मी ठरवत होतो. अण्णा ऐकत होते. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, 'चाळीस कशाला. पस्तीसला हलव. आधी गाडी.'

आई म्हणाली, 'अहो, तुम्ही त्या गाडीतच असणार की!'

'मग पुढच्या सीटवर,' अण्णा म्हणाले.