बोर्डिंगच्या जुन्या दफ्तरासाठी सीझर ईटी२४ प्रो: घ्या, पण त्याची हुशारी बंद ठेवा

कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग. त्या पिढीच्या वसतिगृहांच्या कपाटात सहसा सारखाच ऐवज सापडतो: दाखल-खारीज रजिस्टर, हजेरीपट, कीर्द-खतावणी, कोठीची वही, ग्रुप फोटो, ढाली. फ्लॅटबेड स्कॅनर इथे कामाचा नाही. जाड वही काचेवर पालथी दाबली की शिवण सुटते. त्यामुळे वरून टिपणारा स्कॅनर हवा, आणि संस्थेच्या खर्चात बसणाऱ्यांत सीझर (CZUR) ईटी२४ प्रो बरा आहे. २४ मेगापिक्सेल, ३२० डीपीआय (म्हणजे दर इंचाला ३२० ठिपके), ए३ मापापर्यंत. सोबत पायाने दाबायचे पेडल. दोन्ही हात वहीवर राहतात, हा खरा फायदा.

पहिली अडचण मापाची. फुलस्केप वहीचे पान साधारण ८ बाय १३ इंच, म्हणजे उघडी वही १६ बाय १३. ए३ आहे १६.५ बाय ११.७. उंचीत सव्वा इंच बाहेर जाते आणि नेमकी बेरजेची ओळ कापली जाते. वही आडवी फिरवा, एका वेळी एकच पान घ्या, ‘सपाट एक पान’ हा पर्याय निवडा. आधी सगळी उजवी पाने, मग सगळी डावी. कोरी पानेही टिपायची, नाहीतर शेवटी दोन्ही गठ्ठ्यांचा मेळ बसत नाही.

पानाचा बाक सरळ करणारे लेसर छापील वार्षिक अहवालांवर छान चालतात. त्यांना पानाची कड काळ्या चटईवर स्पष्ट दिसावी लागते. फाटक्या, कुरतडलेल्या कडेवर हिशेब चुकतो आणि रकान्यांच्या रेघा लाटांसारख्या येतात. स्कॅनमध्ये आलेली बोटे पुसून टाकण्याची सोयही जपून वापरा, समासातली सही बोटाबरोबर जाऊ शकते. सगळ्यात घातक म्हणजे आपोआप उजळ करणारा पर्याय. कागद पांढराशुभ्र होतो खरा, पण पेन्सिलीची टिपणे, जांभळा शिक्का आणि फिकट लाल शाई त्यात धुऊन निघते. स्कॅनची मूळ प्रत रंगीत, कुठलीही प्रक्रिया न केलेली ठेवा. जी सुधारणा करायची ती नकलेवर.

वही सुरुवातीला उघडली की उजवी बाजू उंच, शेवटी डावी. जी बाजू खाली राहते तिच्याखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवत दोन्ही बाजू समतल ठेवा. पन्नासेक पानांनी एकदा पुठ्ठा बदलला तरी पुरते. शाईने कागद खाल्लेला असेल, अक्षराच्या जागी भोके दिसत असतील, तर पान कोपऱ्याने उचलू नका. खाली पातळ पॉलिस्टर शीट सरकवून उलटा. सेलोटेप आणि लॅमिनेशनचे नाव काढू नका.

मजकूर ओळखण्याच्या सोयीवर पैसे मोजू नका. हस्तलिखित कीर्दीवर ती निरुपयोगी, मोडीवर तर प्रश्नच नाही. छापील अहवालांना टेसरॅक्ट या मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचे फुकट मराठी मॉडेल चालते. फाईलचे नाव वही, वर्ष, पान या क्रमाने. पानाचा आकडा ००१ असा तीन अंकी, म्हणजे १० हे २ च्या आधी येत नाही. दाखल-खारीज रजिस्टरात जात आणि पालकांची माहिती असते, तेव्हा स्कॅन झाले म्हणून लगेच इंटरनेटवर टाकू नये.

चकचकीत ग्रुप फोटोला वरचा दिवा बंद करून बाजूचे दिवे लावा, नाहीतर मधल्या रांगेचे चेहरे जातात. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर सोडवायला जाऊ नका, काचेसकट घ्या. काचेच्या निगेटिव्हला मात्र खालून उजेड लागतो. तो या यंत्रात नाही. ढाली, बिल्ले आणि कपही याचे काम नव्हे. त्यांना खिडकीचा उजेड, साधा मोबाईल आणि शेजारी एक मोजपट्टी पुरे.