इंटरसेप्टरचं हँडल 30 मिमी वर घेतलं: पावसाळा-हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर 650. रायझर (हँडलखाली बसवून ते उंच करणारे ठोकळे) ॲल्युमिनियमचे, 30 मिमीचे, 22 मिमी जाडीच्या हँडलसाठीचे. मनगटापुरतं बोलायचं तर पैसे वसूल. बाकीचं जरा सविस्तर सांगायला हवं.

मूळ बैठक वाईट आहे असं मुळीच नाही. किंचित पुढे झुकलेली, फुटरेस्ट जरा मागे, तरुण पाठीला आवडेल अशी. माझी पाठ पंचेचाळिशीची आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर वाकून बसणारी. पुणे-कोल्हापूर करताना खंबाटकी ओलांडेपर्यंत मजेत, साताऱ्याच्या पुढे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने, मनगटापाशी, एक नस कातडीच्या बरीच जवळून जाते. अंगाचा भार तळव्यावर आला की ती दबते. जाड ग्रिप, जेलचे हातमोजे यांनी थोडं बरं वाटतं, पण भार हातांवरच राहतो. (गाडीवरून उतरल्यावरही मुंग्या जात नसतील तर आधी डॉक्टर, रायझर नंतर.)

रायझर फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) रेषेत बसतात आणि फोर्क मागे कललेला असतो, या गाडीत 24 अंशांनी. त्यामुळे 30 मिमीचा रायझर हँडल साधारण 27 मिमी वर नेतो आणि 12 मिमी आपल्याकडे आणतो. कागदावर हे किरकोळ दिसतं. बसल्याबसल्या मात्र कोपरं सैल पडलेली कळतात. मला तर वर जाण्यापेक्षा हे मागे येणंच जास्त कामाचं वाटलं.

बसवायला चार बोल्ट आणि ॲलन की, एवढंच. खरं काम वायरींचं. क्लच वायर, ॲक्सिलरेटरची वायर, पुढच्या ब्रेकचा होज यांना मोजकीच ढील असते. माझं 30 मध्ये मूळ वायरींवर भागलं, फक्त क्लच वायर हेडलाइटमागून जरा वेगळी फिरवावी लागली. एका मित्राने हौसेने 50 चे घेतले आणि मग लांब क्लच वायर शोधत हिंडला. काम झालं की गाडी डबल स्टँडवर न्यूट्रलमध्ये चालू ठेवायची आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. इंजिनचा आवाज चढला तर ॲक्सिलरेटरची वायर ताणली जातेय. तशी गाडी कोपऱ्यावरच्या पंपापर्यंतही न्यायची नाही. यू टर्न घेताना आपोआप रेस झाली तर काय होईल ते सांगायला नको. सगळेच मेकॅनिक ही तपासणी करत नाहीत, समोर उभं राहून करून घ्या. बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) आवळा, नाहीतर ॲल्युमिनियममधले आटे गेलेच म्हणून समजा. लिव्हर आणि आरसेही नव्याने लावावे लागतात. हात आता आधीइतका वरून येत नाही, म्हणून मी दोन्ही लिव्हर थोडे वर उचलून घेतले.

आता तोटे. पहिला वारा. झुकून बसलं की तो छातीला थोडा टेकू द्यायचा, हातांवरचा भार हलका करायचा. आता नव्वदच्या पुढे तोच मागे ढकलतो आणि आपण हँडलला लोंबकळल्यासारखे होतो. दुसरं, हातांवरून गेलेला भार हवेत विरत नाही, तो खाली सीटवर येतो. दोन-अडीच तासांनी माकडहाड बोलायला लागतं, तेव्हा चहाचे थांबे वाढलेत. तिसरं, पसरणी घाटाच्या वळणांत पुढचं चाक किंचित हलकं वाटतं. मला सवय झाली. वळणावर गाडी जोरात झोपवणाऱ्यांना हे आवडणार नाही.

उलट गावातल्या ट्रॅफिकमध्ये आणि उखडलेल्या रस्त्यावर फुटरेस्टवर उभं राहून चालवताना सुख आहे. आधी उभं राहिलं की कंबरेत वाकावं लागायचं.

खर्च करण्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल जरासं आपल्याकडे फिरवा, पुन्हा नीट आवळा आणि एक लांबची चक्कर मारा. काहींचं तेवढ्यावरच भागतं. याच कंपनीच्या कॉन्टिनेंटल जीटीवाल्यांनी मात्र हे रायझर घेऊ नयेत. तिथे क्लिप-ऑन, म्हणजे हँडलचे दोन सुटे भाग, थेट फोर्कला धरलेले असतात, हे बसणारच नाहीत.

मी 30 च्या वर जाणार नाही. पुढचा खर्च समोरच्या छोट्या काचेवर.