संगणकावरचा सडवा: कोब्रापाय आणि यीस्टचं आयएमएम९०४

आमचा गडचिरोली जिल्हा १९९३ पासून दारूबंदीत आहे, आणि मी बीएस्सीच्या पोरांना यीस्ट अल्कोहोल कसं बनवतं ते शिकवतो. आरमोरी तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात फर्मेंटर (आंबवण्याचं यंत्र) नाही, येईल अशी आशाही नाही. प्रॅक्टिकल म्हणजे साखरेचं पाणी, बेकरीचं यीस्ट आणि बाटलीच्या तोंडाला फुगा. फुगा फुगला की जर्नल लिहून मोकळे. म्हणून या वर्षी कोब्रापाय हे पेशीतल्या अभिक्रियांचं गणित करणारं सॉफ्टवेअर वर्गात आणलं. पायथनवर चालतं, २०१३ पासून उपलब्ध आहे आणि पैसा एक लागत नाही.

त्याच्यासोबत यीस्टचं मॉडेल लागतं, म्हणजे पेशीतल्या अभिक्रियांची आणि त्यांच्यामागच्या जनुकांची यादी. मी घेतलं २००९ चं आयएमएम९०४. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेच्या बिग या संग्रहात ते मिळतं. ९०४ जनुकं, १५७७ अभिक्रिया, आणि पेशीबाहेरची जागा धरून आठ कप्पे: सायटोसोल, मायटोकॉन्ड्रिया, व्हॅक्युओल वगैरे. प्रत्येक रेणू जेवढा तयार होतो तेवढाच खर्च व्हायला हवा, एवढी अट पाळून वाढ जास्तीत जास्त किती होईल ते सॉफ्टवेअर काढतं. गणित रेषीय असल्यामुळे उत्तर डोळा मिटायच्या आत येतं. आमचे जुने, चार जीबीचे लॅपटॉप कुरकुरले नाहीत. रेंजचं काही खरं नसतं, म्हणून मॉडेलची फाईल एकदाच उतरवून पेन ड्राइव्हवर वाटली. नंतर इंटरनेट नसलं तरी अडत नाही, आणि लाईन गेली तरी बॅटरी असेपर्यंत तास चालतो.

मॉडेल जसं मिळतं तसं चालवलं, म्हणजे आत घ्यायची मर्यादा ग्लुकोजला १० आणि ऑक्सिजनला २ (एकक: दर ग्रॅम कोरड्या पेशींमागे तासाला मिलिमोल), तर वाढीचा दर ताशी ०.२८८ येतो आणि इथेनॉल बाहेर पडताना दिसतं. इथवर पोरं खूश. मग ऑक्सिजन शून्य केला. वाढ शून्य!

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मोहाचा सडवा तर झाकूनच ठेवतेत. मंग त्यातलं यीस्ट काहून नाही मरत?" (सडवा म्हणजे दारूसाठी हंड्यात आंबायला ठेवलेली मोहफुलं.)

या एका प्रश्नासाठी मी सॉफ्टवेअरला पूर्ण मार्क देईन. पाठ्यपुस्तकात एका ओळीत 'यीस्ट ऑक्सिजनशिवाय वाढतं' असं लिहून विषय संपतो. प्रत्यक्षात पेशीच्या पडद्याला लागणारी एर्गोस्टेरॉलसारखी स्टेरॉलं आणि असंतृप्त मेदाम्लं बनवायला यीस्टला ऑक्सिजन लागतोच. मॉडेलमध्ये ही दोन्ही बाहेरून मिळायची वाट उघडली की बिनऑक्सिजनची वाढ सुरू होते. हंड्यात सुरुवातीला थोडी हवा असते, तेवढ्यात यीस्ट आपली बेगमी करून घेतं. त्या दिवशी तास संपल्याची घंटा कोणी ऐकली नाही. (सडव्याची इतकी तपशीलवार माहिती पोरांना कुठून, हे मी विचारलं नाही.)

आता खोट कुठे आहे ते. ऑक्सिजनवरची मर्यादा पूर्ण काढून टाकली की मॉडेल इथेनॉल बनवणं बंद करतं आणि सगळी साखर श्वसनात घालतं. खरं यीस्ट तसं करत नाही. साखर मुबलक असली तर हवा असतानाही ते अल्कोहोल बनवतं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. मॉडेल चुकतं कारण त्याच्या लेखी एन्झाइम, म्हणजे अभिक्रिया घडवणारं प्रथिन, फुकटात मिळतं. पेशीला मात्र प्रथिनं मोजूनमापून वापरावी लागतात. श्वसनातून एका ग्लुकोजमागे एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खूप जास्त मिळतं, पण त्यासाठी मायटोकॉन्ड्रियातली प्रथिनांची भलीमोठी यंत्रणा उभी करावी लागते. रोवण्याच्या दिवसांत मजूर मोजकेच असले की शेतकरी त्यांना जिथे काम झपाट्यानं उरकतं तिथेच लावतो; साखर भरपूर असलेलं यीस्टही तेच करतं.

दुसरी खोट बारीक आहे. इथेनॉल बनवणाऱ्या एन्झाइमचं एडीएच१ हे जनुक काढून टाकलं तर मॉडेलला काही फरक पडत नाही, कारण तेच काम करणारी भावंडं यादीत आहेत आणि मॉडेल सगळ्यांना सारखं धरतं. प्रयोगशाळेत असं यीस्ट ग्लुकोजवर रडतखडत वाढतं. कारण भावंडांपैकी एडीएच२ ग्लुकोज असताना दबलेलं असतं. शिवाय कप्पे आठ असले तरी कप्प्याच्या आत कोणतं प्रथिन कुठे आहे याचा पत्ता नाही. ऑक्सिजन कमी पडला की ग्लायकोलिसिसची (ग्लुकोज फोडण्याची) एन्झाइमं पेशीत एका जागी गोळा होतात, त्यांना जी-बॉडीज म्हणतात. असलं काही इथे दिसायचं नाही, आणि दिसेल अशी अपेक्षाही ठेवू नका.

अभिक्रियांचे रेषा-बाणांचे नकाशे हवे असतील तर एस्चर वापरा, ब्राउझरमध्ये उघडतं. आयएमएम९०४ साठी मध्यवर्ती कार्बन चयापचयाचा नकाशा तयारच आहे. तो पडद्यावर लावल्याशिवाय नुसते आकडे दाखवू नका, पोरं झोपतात.

२०२४ मध्ये आलेलं यीस्ट९ हे मॉडेल जास्त ताजं आहे, अभिक्रिया चार हजारांच्या घरात. पहिल्यांदा शिकणाऱ्यांना मी ते देणार नाही. त्यातले क्रमांक टाकलेले अभिक्रियांचे कोड पाहूनच माणूस दमतो. प्रथिनांचा खर्च धरायचा असेल तर स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातून २०१७ मध्ये आलेली गेको पद्धत आहे. प्रत्येक एन्झाइम सेकंदाला किती रेणू उरकतं आणि पेशीत प्रथिनं एकूण किती, या दोन मर्यादा ती मॉडेलला घालते, आणि मग क्रॅबट्री परिणाम आपोआप दिसू लागतो. गेको मॅटलॅब या सॉफ्टवेअरवर चालतं आणि मॅटलॅबचा परवाना विकत घ्यावा लागतो, म्हणजे आमच्यासारख्यांची गाडी तिथेच थांबते. पण त्या पद्धतीनं आधीच तयार केलेली यीस्टची फाईल फुकट मिळते आणि ती कोब्रापायमध्ये उघडते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी तीच काढून ठेवली आहे.