फायबरच्या मशिनरीपायी ४,१३,००० रुपये बुडाले. केबलवाल्यांनो, बिल नीट बघा

सांगली-मिरज भागात कोॲक्स (जुनी तांब्याची केबल) काढून फायबर टाकायच्या तयारीत असलेल्या प्रत्येक केबलवाल्यानं हे वाचावं. केबलसाठी डिजिटल व्हिडिओ आणि डेटाची मशिनरी 'आम्ही स्वतः बनवतो' असं सांगणाऱ्या एका कंपनीनं मला लुटलंय.

आठ पोर्टचा ओएलटी (आपल्या ऑफिसातून फायबरवर नेट सोडणारं मशिन) ६२,०००, ईडीएफए (फायबरमधला टीव्हीचा सिग्नल वाढवणारं मशिन) ७८,०००, २०० ओएनयू (गिऱ्हाइकाच्या घरी बसणारा डबा) १,०५० प्रमाणे २,१०,०००. वर जीएसटी ६३,०००. पैकी २,४७,८०० आगाऊ आरटीजीएस केले, उरलेले १,६५,२०० माल निघायच्या आधी मागून घेतले. माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय दुसरा हप्ता सोडू नका, कोणी कितीही गोड बोलो.

२०१९ च्या महापुरात माझे नोड, ॲम्प्लिफायर पाण्यात गेले. तेव्हापासून जोडजोड करून लाइन चालवतोय. गिऱ्हाइकाला एकाच वायरीवर टीव्ही आणि नेट पाहिजे. नाही दिलं तर दुसऱ्याची वायर घरात येते. त्यात त्यांचा माणूस मराठी बोलणारा. मिरजेत माझ्यासमोर ओएनयू लावून टीव्हीवर चित्र दाखवलं. मग कोण विश्वास ठेवणार नाही?

कळायला हवं होतं ते बिलावर. पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर ०७ नं सुरू, म्हणजे दिल्लीचा! महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो. बरं, माल दिल्लीचा म्हणावा तर परराज्यातल्या मालाचा आयजीएसटी लागायला हवा; यांनी लावलेत राज्यातल्या राज्यात लागणारे सीजीएसटी ३१,५०० आणि एसजीएसटी ३१,५००. असं बिल खरी कंपनी काढूच शकत नाही. तो कागद रात्रभर माझ्या टेबलावर पडून होता. मी दर बघितले, वॉरंटी बघितली, बेरीज दोनदा तपासली, आणि जीएसटी नंबरचे ते पहिले दोन आकडे तेवढे बघितले नाहीत. आजही आठवलं की डोकं फिरतं. पण मी केबलवाला आहे, सीए नाही. आणि सकाळी फोन, "दादा, आज पैसे आले नाहीत तर लॉट दुसऱ्या पार्टीला जाईल." खातं भलत्याच नावाचं होतं, विचारलं तर म्हणाले, ट्रेडिंगचं खातं वेगळं असतं. खात्याचं नाव आणि बिलावरचं नाव एक नसेल तर तिथंच थांबा.

आलं काय? ओएलटी जुना, स्टिकरखाली दुसरं स्टिकर. ओएनयूला आरएफ आउटपुटच नाही, म्हणजे टीव्ही लागणारच नाही. ईडीएफए आलाच नाही. माल वाहतुकीचं ई-वे बिलही नव्हतं. फोन बंद.

पोलीस ठाण्यात म्हणाले, माल आलाय ना, मग हा दिवाणी वाद, कोर्टात जा. अहो, जुना माल नवा म्हणून विकणं याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं? बँक म्हणते तुम्ही स्वतः पैसे पाठवलेत. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकात बसत नाही. जीएसटी ऑफिसात सांगितलं, नंबर दिल्लीचा, तिकडे लिहा. टॅक्स भरायला एक दिवस उशीर झाला तर हेच लोक दंड लावतात, आणि माझे ६३,००० टॅक्स म्हणून कुणाच्या खिशात गेले ते बघायला एकालाही वेळ नाही. वकिलाची नोटीसही परत आली, त्या पत्त्यावर अशी कंपनीच नाही.

पैसे देण्याआधी जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून नाव-पत्ता जुळवा, फुकट होतं. ओएलटीचा मॅक ॲड्रेस आणि सिरीयल नंबर चालू मशिनच्या व्हिडिओत मागा. आणि पैसे गेलेच असतील तर ठाण्याच्या पायऱ्या चढण्याआधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकली की गोठवायला काही उरत नाही. माझा तो वेळ "उद्या या" ऐकण्यात गेला.