गार्मिन फोररनर ५५: पेससाठी घ्यायचं तर आधी ऑटो लॅप बंद करा

हाफ मॅरेथॉन (२१.१ किमी) दोन तासांच्या आत बसवायची म्हणून घड्याळ शोधणाऱ्यांपैकी बरेचजण शेवटी या मॉडेलपाशी येतात. २०२१ साली ते भारतात २०,९९० रुपयांना आलं, आता ऑफरमध्ये बरंच खाली मिळतं. वजन ३७ ग्रॅम, पाच बटणं, टच नाही. जीपीएस सुरू ठेवून कंपनी २० तास बॅटरी सांगते, म्हणजे सहा तासांत फुल मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्यालाही चिंता नको. स्क्रीन दिसायला जुनाट, पण भर उन्हात लख्ख वाचता येते. टच नसणं इथे फायद्याचंच आहे. घामानं निथळणाऱ्या बोटानं किंवा जुलैच्या पावसात टच स्क्रीन काय करते ते ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्याचं. पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटं-सेकंद, सांभाळायला हे घड्याळ चांगलं आहे, पण डब्यातून काढलं तसंच वापरलं तर नाही.

पहिली चूक म्हणजे स्क्रीनवर ‘पेस’ हा चालू क्षणाचा आकडा ठेवणं. यात जीपीएसचा एकच बँड, म्हणजे सिग्नलची एकच फ्रिक्वेन्सी आहे. दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या की सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि तुम्ही एका लयीत धावत असताना आकडा ५:२० ते ६:०५ असा नाचतो. ६:०५ दिसलं की माणूस रेटतो, ५:२० दिसलं की पाय ओढतो. दहा किलोमीटर हे चाललं की मांड्या भरून येतात आणि दोष जातो ट्रेनिंगला. तो आकडा सरळ काढून टाका. त्या जागी तीनच गोष्टी ठेवा: लॅप पेस (चालू लॅपचा, म्हणजे चालू टप्प्याचा सरासरी पेस), लॅपचा वेळ आणि एकूण वेळ. लॅप पेसही सुरुवातीच्या दीड-दोनशे मीटरमध्ये उड्या मारतो, तेवढ्यात त्याच्याकडे बघू नका.

दुसरी चूक जास्त महाग पडते. दर रेसनंतर ग्रुपवर कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतं, ‘माझं २१.३८ आलं, कोर्स लांब होता’. बहुतेक वेळा कोर्स लांब नसतो. प्रमाणित कोर्स मोजतात तो खास कॅलिब्रेट केलेल्या सायकलनं, वळणाच्या कडेपासून ३० सेंटीमीटरवरून, शक्य तेवढ्या जवळच्या रेषेनं. वर कोर्स कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात. तुम्ही मात्र गर्दीतून वाट काढत, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जात धावता, आणि जीपीएसची डगमग त्यात मिसळते. हिशेब करून बघा. दोन तासांसाठी लागणारा पेस ५:४१. घड्याळात अंतर २१.३५ भरणार असेल तर घड्याळावर दिसायला हवा ५:३७. चार सेकंदांचा फरक किरकोळ वाटतो, पण घड्याळाच्या ५:४१ वर विसंबलेला माणूस २:०१:२० च्या आसपास पोचतो आणि वर म्हणतो, मी तर बरोबर पेसवर होतो.

यावर उपाय घड्याळातच आहे, उजवीकडचं खालचं, लॅपचं बटण. रन प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये ऑटो लॅप (जीपीएसच्या अंतरावरून आपोआप पडणारा लॅप) बंद करा, थांबलात की वेळ थांबवणारा ऑटो पॉजही बंद करा, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक किलोमीटरच्या पाटीशी ते बटण दाबा. मग लॅपचा वेळ हाच खरा पेस, उपग्रहाचा संबंधच उरत नाही. एखादी पाटी हुकली तर अंदाजानं मध्येच दाबू नका. पुढच्या पाटीला दाबा, ११:२२ दिसले की दोनानं भागा. पाट्याही कधीकधी आयोजकांनी खांब दिसेल तिथे बांधलेल्या असतात. एक लॅप ५:१८ आणि लगेच पुढचा ६:०३ आला तर घाबरू नका, एकूण वेळ बघा.

त्यासाठी एकूण वेळाचे चार टप्पे मनगटावर कागदाची पट्टी चिकटवून लिहून ठेवलेले बरे. दोन तासांसाठी चालणारा आराखडा असा: पहिले ३ किमी ५:५० नं, मग १६ किमीपर्यंत ५:४१, तिथून शेवटपर्यंत ५:३६. म्हणजे ३ किमीला १७:३०, १० ला ५७:१७, १६ ला १:३१:२३ आणि शेवट १:५९:५६. पहिल्या तीनमध्ये गमावलेले सत्तावीस सेकंद चौथ्याच किलोमीटरला वसूल करायची खुमखुमी येते, ती दाबायची. स्टार्टचं बटण तोफेला नाही, चिपच्या मॅटवर, म्हणजे तुमच्याकडची चिप वेळ नोंदवते त्या स्टार्टच्या पट्टीवर, पाय पडताना दाबायचं. नाहीतर मनगटावरचा एकूण वेळ आणि तुमचा चिप टाइम यांत दोन-तीन मिनिटांचं अंतर पडतं.

आता पेसप्रो, घड्याळातली पेसचा आराखडा पाळायची सोय. गार्मिन कनेक्टच्या ॲपमध्ये अंतर आणि लक्ष्याचा वेळ टाकायचा, सुरुवात किती सावध हवी ते सरकपट्टीनं ठरवायचं आणि प्लॅन घड्याळात पाठवायचा. धावताना या टप्प्याचा लक्ष्य पेस, तुमचा पेस आणि एकंदर किती सेकंद पुढे-मागे ते दिसतं. कल्पना छान आहे. पण टप्पे जीपीएसच्या अंतरावर बदलतात, त्यामुळे विसाव्या पाटीपर्यंत घड्याळ तुमच्या दोनशे-अडीचशे मीटर पुढे गेलेलं असतं आणि ‘३० सेकंद पुढे’ म्हणणारा आकडा प्रत्यक्षात मागे असतो. वापरायचंच असेल तर लक्ष्य दीड मिनिट कमी टाका, १:५८:३०. सरावाच्या लाँग रनला, जिथे पाट्याच नसतात, तिथे मात्र पेसप्रो खरोखर उपयोगी पडतं. सावकाश सुरू करायची सवय त्यानं लागते.

चढाला हे घड्याळ कामाचं नाही. बॅरोमीटर नाही, उंचीचा आकडा जीपीएसवरून येतो आणि भरवशाचा नसतो. मुंबईच्या पेडर रोडसारख्या चढावर किलोमीटरला १५-२० सेकंद सोडून द्या, श्वास सपाटीवर होता तसाच ठेवा, आणि उतारावर त्यातले निम्मेच परत घ्या. सगळे वसूल करायला गेलात तर पुढच्या सपाटीवर गुडघ्यावरचे स्नायू जाब विचारतात.

ट्रेनिंगच्या बाजूनं बरंच काही मिळतं. दोन तासांचं लक्ष्य असणाऱ्याचे साधारण पेस असे धरा: इझी (निवांत धाव) ६:४० ते ७:१०, टेम्पो (दमवणारी पण टिकवता येणारी धाव) ५:३०, आणि ट्रॅकवर ४०० मीटर २:०२ मध्ये. टेम्पो म्हणजे २० मिनिटं सलग, किंवा दीड-दीड किलोमीटरचे तीन तुकडे, मध्ये एक मिनिट जॉग. हे सगळं ॲपमध्ये वर्कआउट म्हणून बांधून घड्याळात टाकता येतं, पुढचा टप्पा आला की ते थरथरतं. टेम्पोच्या दिवशी लोक ५:१५ नं सुटतात, बाराव्या मिनिटाला मोडतात आणि टेम्पो जमत नाही असं ठरवून मोकळे होतात. पेसचा पट्टा ५:२५ ते ५:३५ असा लावा. पट्ट्याच्या बाहेर गेलात की घड्याळ टोकतं.

ट्रॅकवर साधा रन मोड लावू नका, ४०० चे ४१५ दिसतील. ट्रॅक रन निवडा, लेनचा नंबर द्या आणि लेन सोडू नका. त्यात ऑटो लॅप मुळात १६०० मीटरवर असतो. पावसाळ्यात ट्रेडमिलवर गेलात तर अंतर हाताच्या हालचालीवरून काढलं जातं, बार धरून धावलात तर गणित चुकणारच. धावून झाल्यावर शेवटी ‘कॅलिब्रेट अँड सेव्ह’ करून मशीनचं अंतर भरा.

मनगटावरचा हार्ट रेट इझी रनला पुरेसा आहे. ४०० च्या तुकड्यांत तो मागे पडतो, तुकडा संपल्यावर वर चढतो. कधी तो पावलांचा ठेकाच पकडून बसतो: निवांत धावताय आणि १७२ दिसतायत. पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर दोन बोटं, घट्ट बांधा. छातीचा पट्टा जोडता येतो, इंटरव्हलला, म्हणजे अशा वेगवान तुकड्यांना, तोच वापरावा. कमाल हार्ट रेट २२० वजा वय असा आपोआप भरलेला असतो, तो स्वतःच्या मोजमापानं बदला. तो चुकला तर रोजचे सुचवलेले वर्कआउटही चुकतात. एप्रिल-मेमध्ये व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा अंदाज) घसरतो कारण उकाड्यात त्याच पेसला ठोके जास्त पडतात आणि हे मॉडेल उष्णतेचा हिशेब धरत नाही. फिटनेस कमी झालेला नसतो. फुल मॅरेथॉनचा अंदाजित वेळ तर गमतीनं वाचायचा. महिनाभर १० किमीच्या पुढे न गेलेल्यालाही तो सुंदर वेळ दाखवतो.

बजेट ताणता येत असेल आणि सिंहगड किंवा साताऱ्याचे चढ नेहमीचे असतील तर बॅरोमीटरवालं फोररनर १६५ बघा. इमारतींच्या गर्दीत रोज धावणाऱ्याला ड्युअल बँडचं २५५ परवडेल. सपाट रस्त्यावर पाट्या बघून धावणाऱ्याला ५५ वर जास्त पैसे घालायचं कारण नाही. सेकंडहँड घेताना मागचे चार्जिंगचे चार बिंदू उजेडात धरून बघा. हिरवट किंवा काळे पडले असतील तर आधीच्या मालकानं घामेजलेलंच घड्याळ चार्जिंगला लावलंय. तिथेच केबल जोडून दहा मिनिटं टक्का वाढतोय का ते पाहा, आणि मगच पैसे द्या.