विद्यार्थी मायक्रोस्कोप, एक उन्हाळा काढल्यावर: दिसतं झकास, पण नॉब घसरतो

परवा फोकसचा नॉब पुन्हा घसरला, म्हणून लिहायला बसलो. मॉडेल नेहमीचंच: चार भिंगं (४, १०, ४० आणि १०० पटींची), वर डोळ्याशी १० पटीचं भिंग म्हणजे आयपीस (दोन्हींचा गुणाकार म्हणजे एकूण पट, ४० चं भिंग लावलं की ४०० पट), खाली आरसा, शिवाय एलईडी. मुलगी नववीत गेली तेव्हा घेतला.

आधी तक्रार. ४० च्या भिंगावर भिंग आणि स्लाइड यांच्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा उरते. मोठा नॉब केसभर ढिला पडला की चित्र गेलं. हिवाळ्यात त्रास नव्हता. एप्रिलात जळगावचा पारा ४४ वर गेला, आतलं ग्रीस पातळ झालं आणि स्टेज, म्हणजे स्लाइड ठेवायची बैठक, आपोआप खाली बसायला लागलं. गालाच्या पेशी मिथिलीन ब्लूने रंगवायच्या, फोकस करायच्या, मुलीला हाक मारायची. ती डोळा लावेपर्यंत सगळं पुसट. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, "सर, हीटमुळे झालेलं वॉरंटीत येत नाही." मग खान्देशात विकता कशाला? वर जाण्यायेण्याचं कुरिअर माझ्याच खिशातून! नाही पाठवला. गल्लीतल्या शिलाई मशीनवाल्याने जुनं ग्रीस रॉकेलने पुसलं, घट्ट ग्रीस भरलं, दोन्ही बाजूंचे नॉब धरून एकमेकांच्या उलट पिळले आणि पन्नास रुपये घेतले. ही पिळायची युक्ती माहितीपत्रकात एका ओळीत छापता आली असती.

बाकी दिसण्याबद्दल बोट ठेवायला जागा नाही. कांद्याचा पापुद्रा आयोडीन टाकून १०० पटीतच स्वच्छ दिसतो, केंद्रकासकट. रक्तातल्या तांबड्या पेशी ७-८ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यांना ४०० पट लागते. मेहरूण तलावाच्या पाण्यात गवत भिजत ठेवलं, तर काही दिवसांनी पॅरामिशियम हे एकपेशीय जीव सापडले. पण असे पळतात की ४०० पटीत हाती लागत नाहीत. थेंबात कापसाचे चार तंतू टाकले की अडकून पडतात. आणि खरी गंमत त्या कापसातच निघाली. कापसाचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, वाढत वाढत अडीच-तीन सेंटिमीटर झालेली. १०० पटीत ती पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखी दिसते. आख्खा जिल्हा पेशी वेचून गाडीत भरतो आणि पेशी बघायला आम्ही मायक्रोस्कोप मागवतो.

दह्याने मात्र घाम काढला. साधा थेंब ठेवला तर चकचकीत गोल गोळे थरथरताना दिसतात. मुलगी म्हणाली, जिवंत आहेत. ते लोण्याचे कण. जिवाणू बघायचे तर दही पाण्यात पातळ करा, स्लाइडवर वाळवा, आचेवरून फिरवा, मग रंगवा. ४०० पटीत बारीक रेघा आणि ठिपके जाणवतात, पण दांडे आणि मण्यांच्या माळा नीट वेगळ्या दिसायला १०० चं भिंग आणि भिंग-स्लाइडच्या मध्ये तेलाचा थेंब हवाच.

खोक्यावर '२००० पट' छापलंय, तो २० च्या आयपीसचा खेळ. प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला साधारण ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दाखवता येत नाहीत. हजाराच्या फार पुढे गेलं की चित्र मोठं होतं, तपशील तेवढाच. तो आयपीस एकदा लावून डबीत ठेवला.

शिरपूरकडचा मेव्हणा हरण्या रोग पडलेलं केळीचं पान घेऊन आला. "यामा व्हायरस कोठे शे भो?" म्हटलं, दाजी, हा विषाणू जेमतेम ३० नॅनोमीटरचा, म्हणजे ०.०३ मायक्रॉन. त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो, १९३१ साली जर्मनीत रुस्का आणि नोल यांनी पहिला बनवला तो. पण पानामागचा मावा ४० पटीत दाखवला, सोंड आणि पायांसकट. रोग पसरवतो तो हाच. मेव्हणा बराच वेळ उठला नाही.

आरशाबद्दलचं मत मात्र पार बदललं. सुरुवातीला वाटायचं, एलईडी असताना हा जुना खटाटोप कशाला. आता ४०० पटीपर्यंत आरसाच वापरतो: खिडकीतलं पांढरं आभाळ धरायचं, थेट सूर्य कधीच नाही, डोळा जाईल. लाइट गेली तरी काम चालू, सेलचा खर्च शून्य. एलईडी फक्त तेलाच्या भिंगाला.

घेणार असाल तर घ्या, पण दुकानात ४० चं भिंग लावून फोकस करा आणि पाच मिनिटं हात न लावता बघा. घसरला तर तिथेच सोडा. माझा आता सकाळी नऊच्या आत वापरतो. आणि २० चा आयपीस कुणाला हवा असेल तर घेऊन जा, कुरिअर तुमच्याकडे.